दर महिन्याला बदलायचं पाणी

शोर-बुलाकच्या पाणी कचेरीत चोवीस तास पाणी एकाच ठिकाणी असायचं, ते म्हणजे साहेबांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

निळंशार तळं. तळाशी गुळगुळीत गोटे, गोट्यांवरून हिंडणारे पाच लाल मासे. मधूनमधून वरून एक थेंब पडायचा आणि त्याची वलयं पार कडेपर्यंत पसरत जायची. माऊस फिरवाल तिथं पाणी कापलं जायचं, मासे दचकून पळायचे. टेबलाखालच्या दोन स्पीकरांतून टपक, टपक असा आवाज यायचा. साहेब, म्हणजे शेरमामात बाइके, सकाळी आले की टोपी खुंटीला लावत, चहाचा पहिला घोट घेत आणि मासे पळवायला बसत. पन्नाशी उलटलेला, तीन सुनांचा सासरा, पोटावरचं बटण कधी न लागलेला माणूस. थोरला म्हणून सगळी कचेरी त्यांना बाइके, म्हणजे दादा, म्हणायची. बाहेर बायका रिकाम्या बादल्या घेऊन पायरीवर बसलेल्या असायच्या आणि आत हा माशांच्या मागं.

ते पाणी हलतं ठेवण्यात कॉम्प्युटरची सगळी ताकद खर्च व्हायची. पंखा घरघरायचा, डबा तापायचा. पंपांची नोंदवही उघडायला सांगावं तर ती उघडेपर्यंत किटली उकळून चहा गाळून व्हायचा. पण तळं बंद करायला सांगायची कुणाची छाती नव्हती.

हे तळं बसवून दिलं होतं झायनागुलनं. ओश शहरातल्या विद्यापीठातून गणिताची पदवी घेतलेली, सव्वीस वर्षांची, कचेरीत कॉम्प्युटर येणारी ती एकटीच. साहेबांनीच तिला ओशच्या बाजारातून सीडी आणायला सांगितली होती. सीडी होती नमुन्याची. तीस दिवस तळं चालायचं, एकतिसाव्या दिवशी पडदा काळा व्हायचा आणि रशियन भाषेत पैसे भरा अशी पाटी यायची. मग सगळं पुसून पुन्हा बसवलं की आणखी तीस दिवस. पहिल्यांदा पडदा काळा झाला तेव्हा साहेब घाबरून ओरडले होते, "झायना! पाणी गेलं!"

हे सगळं त्यांना समजावत बसणं तिच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "बाइके, शिळं झालंय. बदलावं लागतं दर महिन्याला."

हे तिनं चेष्टेत म्हटलं होतं. साहेबांनी मान डोलावली. "खरंय. साठवलेलं पाणी ते." तेव्हापासून आल्यागेल्याला ते मोठ्या तोऱ्यात सांगत, "आम्ही दर महिन्याला बदलतो." चौदा पंपांचा, बावीस रस्त्यांचा आणि नऊ हजार माणसांच्या तहानेचा मालक तो.

हिशेबाच्या टेबलावरच्या साल्तानात एजे, म्हणजे साल्तानात ताई, ओढणीत तोंड लपवून हसायच्या. झायनागुलला हसू यायचं नाही. तिचं लक्ष घरी असायचं.

घर होतं चार नंबरच्या पंपावर. हा पंप मार्चमधल्या नवरोजच्या आदल्या आठवड्यात जळाला होता. आता जुलै निम्मा सरला होता. चार महिने रस्त्यातली सगळी घरं आरिकमधून पाणी भरत होती. आरिक म्हणजे रस्त्याच्या कडेनं वाहणारा पाट. तोच पाट वरच्या अंगाला मेंढ्यांच्या गोठ्यावरून यायचा. पाणी बादलीत भरायचं, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं, वरचं वरचं काढून दोनदा उकळायचं. झायनागुल तीनदा उकळायची. तरी नऊ महिन्यांच्या एल्दियारचं पोट महिन्यात तिसऱ्यांदा बिघडलं होतं. पोराच्या मांड्या सैल पडल्या होत्या. रडायचं तेव्हा डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, आणि हे तिच्या आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दवाखान्यातली बाई म्हणाली होती, "औषध मी देते गं, पण पाणी तेच असेल तर औषधाचा उपयोग काय? आणखी एकदा झालं तर सलाईन लावावं लागेल, आणि मग पुढचं माझ्या हातात नाही." नवरा मॉस्कोत इमारतींना प्लास्टर करत होता. फोनवर म्हणायचा, "तू तर पाणी कचेरीतच आहेस की!"

तिनं तीन अर्ज दिले होते. तिसरा अर्ज साहेबांच्या काचेखाली ठेवलेला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याच्यावर चहाच्या पेल्याचं वर्तुळ उमटलं होतं.

"बाइके, प्रांताच्या गोदामात दोन नवे पंप पडून आहेत म्हणतात. आपण फक्त कळवायचं की आपला जळालाय."

"आणि विचारलं, कसा जळाला? कुणाच्या कारकिर्दीत जळाला?" साहेब माशाच्या मागं माऊस नेत म्हणाले. "तुला काय गं, पोरी. तुझं नाव कागदावर नसतं. पंप जळाला असं लिहून देणं म्हणजे मी जळालो असं लिहून देणं. दौरा होऊन जाऊ दे, मग बघू."

दौरा होता प्रांताच्या पाणी खात्याच्या उपप्रमुखांचा. ताश्तेमिर ओस्मोनोविच. गुरुवारी यायचे होते. मंगळवारपासून कचेरीला रंग लागत होता. साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली होती आणि कल्पना त्यांच्या डोक्यात क्वचितच येत असल्यामुळं ती निघता निघत नव्हती. गावाचा नकाशा पडद्यावर घ्यायचा, त्यातल्या सगळ्या नळांच्या रेषांवर तेच निळं पाणी खेळवायचं. पंप जिथं जिथं आहेत तिथं कारंजी उडाली पाहिजेत.

झायनागुलनं बुधवारी दिवसभर बसून ते केलं. तेरा कारंजी उडाली. साहेब खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले. एकेक रस्ता बोटानं तपासत गेले आणि बोट एका जागी थांबलं.

"हा कोरडा का?"

"चार नंबर आहे बाइके. कोरडाच आहे तो."

"नकाशात कोरडा कशाला दाखवायचा?"

"कारण तिथं पाणी नाही."

"अगं पोरी," साहेब अगदी मायेनं म्हणाले, "इथं कुठल्याच रेषेत खरं पाणी नाहीये. तेरांत सोडलंस, चौदाव्यात सोडायला तुझं काय जातंय?"

साल्तानात एजेंनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला. पाऊल शांतपणे सांगत होतं, नोकरी आहे, पोर आहे, गप्प बस. झायनागुलनं माऊस हातात घेतला, आपल्या रस्त्यावर नेला आणि दोनदा टिचकी मारली. साडेपाच वाजले होते. तिच्या दारावरून निळं पाणी झुळझुळ वाहायला लागलं. जळालेल्या पंपाच्या जागी कारंजं उडालं.

"बघ! किती सोपं होतं," साहेब म्हणाले.

गुरुवारी सकाळी दहाला सासूबाईंचा फोन आला. सासूला ती आपा म्हणे. आपांचा आवाज नेहमी चढा असायचा. आज तो दबका होता.

"पोरानं पुन्हा ओकलंय गं. दूध ठरत नाही. निपचित पडलाय, हाक मारली तर नुसतं बघतो."

ती साहेबांकडे धावली. "बाइके, मला घरी जायचंय. एल्दियारला दवाखान्यात न्यायचंय."

"आज?" साहेबांनी असं विचारलं की जणू पोरानं तारीख बघून आजारी पडायला हवं होतं. "आणि पाणी कोण चालू करणार? मला ते चालू करता येत नाही, तुला माहीत आहे. पाहुणे जेवून गेले की जा. तीनला जा. आपा आहेत ना घरात?"

"आपांना दम लागतो, बाइके. त्या त्याला उचलून कुठवर जाणार?"

"तीनला!" साहेबांनी बोट नाचवलं. "आणि ती ओढणी बदल. हात धुवायला पाणी तूच घालशील. तुझ्याहून लहान बाई कचेरीत नाही."

हे खरं होतं. पाहुणा आला की घरातल्या धाकट्या सुनेनं कुमगान घेऊन उभं राहायचं, हा शोर-बुलाकचाच नव्हे, सगळ्या मुलखाचा रिवाज. कुमगान म्हणजे लांब चोचीचं तांब्याचं भांडं. डाव्या खांद्यावर पांढरा टॉवेल, खाली घंगाळ, आणि पाहुण्याच्या ओंजळीवर तीनदा धार. पाहुण्यानं हात झटकायचे नाहीत. झटकलेल्या थेंबातून घरात भांडण उगवतं असं लहान पोरालाही शिकवतात. ओले हात तसेच धरायचे, टॉवेलला पुसायचे आणि पाणी घालणारीला आशीर्वाद द्यायचा. पदवी गणिताची असली तरी कचेरीत धाकटी सून तीच.

साडेअकराला दोन गाड्या आल्या. ताश्तेमिर ओस्मोनोविच उंच, पिकल्या मिशांचे, करड्या सुटातले. मागं दोन माणसं, दोघांच्या हातात जाड वह्या, एकाच्याही वहीचं पान शेवटपर्यंत उलटलं नाही. साहेबांनी पडदा दाखवला. चौदा कारंजी. पाहुणे खाली वाकले.

"हे पाणी हलतंय!"

"चोवीस तास, ताश्तेमिर ओस्मोनोविच," साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले. "चौदाच्या चौदा."

"वा." पाहुण्यांनी बोट पुढं केलं, पडद्यावरच्या कारंजाला लावून पाहिलं आणि बोट कोरडं आहे याचं त्यांना किंचित वाईट वाटल्यासारखं दिसलं. एकही प्रश्न आला नाही. पंप किती खोल, कितीचा दाब, लोकांची तक्रार काय, काही नाही. झायनागुल दारात उभी राहून बघत होती. प्रत्येक प्रश्नाची ती वाट बघत होती, जसं आजारी पोराच्या अंगावर हात ठेवून बाई घामाची वाट बघते.

मग जेवण. मोठ्या परातीत पुलाव आला, सगळ्यांनी मिळून हातानं खायचा. वर लसणाचे अख्खे गड्डे, मेंढीच्या मांसाचे तुकडे, बाजूला गरम नान. कोपऱ्यात बाटलीबंद पाण्याचं खोकं होतं, साहेबांनी खास मागवलेलं.

"झायना, कुमगान! बाटल्यांतलं घाल," साहेब कुजबुजले.

ती कुमगान घेऊन बाहेर आली. खोकं दाराशीच होतं. एक बाटली तिनं उचलली. सील फोडायला अंगठा लावला आणि तशीच उभी राहिली. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. आपांचा पुन्हा फोन आलेला नव्हता. न आलेल्या फोनाचे किती अर्थ होतात ते तिनं सगळे मोजले. मग तिनं बाटली परत खोक्यात ठेवली, पायऱ्या उतरली, आरिकच्या काठाला वाकली आणि कुमगान पाटात बुडवलं. बुड, बुड असा आवाज करत ते भरलं. गाळ बसण्यासाठी ती थांबली नाही. रोज थांबायची. आज मुद्दाम नाही.

आत येऊन ती ताश्तेमिर ओस्मोनोविचांपुढं गुडघ्यावर बसली. त्यांनी ओंजळ पुढं केली. तोंड त्यांचं साहेबांकडं होतं, काहीतरी गोष्ट रंगली होती. पहिली धार पडली. दुसरी. तिसरी. पाहुण्यांनी न बघताच, सवयीनं, आशीर्वाद दिला, "वंश वाढो तुझा, पोरी."

आणि मग त्यांचं लक्ष ओंजळीकडं गेलं.

ओंजळीत चहासारखं तपकिरी पाणी होतं. त्यात गवताची एक काडी तरंगत होती आणि बारीक काळं काहीतरी वळवळत होतं. मोठा माणूस, चारचौघांत. हात झटकता येईनात. तसाच धरून बसला. खोलीत स्पीकरमधून टपक, टपक ऐकू येत होतं.

साहेबांचा चेहरा पिठासारखा झाला. "गंज! पाइपाचा गंज आहे, ताश्तेमिर ओस्मोनोविच. आजच, आत्ताच... नवीन पाइप..."

"गंज वळवळत नाही, बाइके," झायनागुल म्हणाली. "चार नंबरच्या रस्त्याचं पाणी आहे. आम्ही हेच पितो."

पाहुण्यांनी तिच्या खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले. पांढऱ्या कापडावर दोन पंजे उमटले. क्षणभर तिला वाटलं की आता हा माणूस उठेल. परातीला लाथ मारेल, वही उघडायला लावेल, साहेबांना उभं करून विचारेल. ताश्तेमिर ओस्मोनोविच खाकरले, पुलावाकडं बघितलं आणि म्हणाले,

"चमचा आहे का?"

चमचा आणला गेला. जेवण झालं. पुलावाची तारीफ झाली. झायनागुल खांद्यावर ते दोन पंजे घेऊन चहा वाढत राहिली. टॉवेल बदल असं तिला कुणी म्हणालं नाही, कारण तसं म्हणायला त्याच्याकडं बघावं लागलं असतं.

चहानंतर पाहुणे साहेबांच्या खुर्चीत बसले. नकाशा बाजूला झाला आणि तळं वर आलं. त्यांच्या हातात माऊस होता. एक मासा पळाला. त्यांच्या मिशा हलल्या. दुसरा पळाला. मग त्यांनी थेंब पडलेल्या जागी टिचकी मारून पाहिली आणि वलयं फुटली, तसे ते मोठ्यानं हसले. एल्दियार बरा असताना घंगाळात हात आपटून असाच हसायचा. फरक इतकाच की एल्दियारला नऊ महिने झाले होते, यांना अठ्ठावन्न वर्षं.

"शेरमामात, हे माझ्या कचेरीत पाहिजे."

"आत्ता! आत्ता लगेच! झायना!"

झायनागुल पुढं आली. "सीडी घरी आहे."

"मग जा, पळत आण," साहेब म्हणाले.

"घरी गेले की परत येता येणार नाही, बाइके. पोराला दवाखान्यात घेऊन जायचंय. ओकतोय. हेच पाणी पिऊन." तिनं पाहुण्यांकडं वळून सांगितलं, "साहेब, चार नंबरचा पंप चार महिने बंद आहे."

"खोटं..." शेरमामात बाइके अर्धवट उठले.

ताश्तेमिर ओस्मोनोविच कपाळाला आठी घालून म्हणाले, "पण नकाशात तर वाहत होतं."

"नकाशात मीच वाहवलं, साहेब. काल साडेपाचला."

साल्तानात एजेंनी हिशेबाच्या वहीत तोंड खुपसलं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला खरा, पण तो साहेबांवरचा नव्हता, तिच्यावरचाही नव्हता. रस्त्यात कुणी गाढव आडवं उभं केलं की येतो तसा तो राग होता. त्या गाढवाच्या पलीकडं मासे होते.

"म्हणजे तुला पंप पाहिजे."

"रस्त्याला पाहिजे."

"गोदामात दोन पडलेत. एक घ्या. सीडी कधी मिळेल?"

"पंप ज्या ट्रकनं येईल, त्याच ट्रकनं परत पाठवते."

"ए, तोंड सांभाळ!" साहेब खेकसले.

पण ताश्तेमिर ओस्मोनोविचांनी खिशातून पेन काढलं होतं. कागद शोधायला वेळ नको म्हणून काचेखालचा अर्ज ओढला, तोच, चहाच्या वर्तुळाचा, आणि वर्तुळाच्या आत सही केली. चार महिने जे पोराच्या पोटानं झालं नाही, तीन अर्जांनी झालं नाही, ओंजळीतल्या वळवळणाऱ्या किड्यांनी झालं नाही, ते पाच लाल माशांनी दोन मिनिटांत केलं. झायनागुलनं कागद घेतला, आभार मानायचे राहून गेले, आणि ती खांद्यावरच्या टॉवेलासकट पळत सुटली.

एल्दियारला दोन दिवस सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी त्यानं सलाईन लावणाऱ्या बाईचं बोट चावलं, आणि बाई म्हणाली, "हा आता जात नाही कुठं." पाचव्या दिवशी ट्रक आला. पंप उतरवला गेला. सीडीची एक नक्कल आणि बसवण्याची कृती लिहिलेलं पाकीट ड्रायव्हरच्या हातात दिलं गेलं. कृतीत सगळं लिहिलं होतं, फक्त तीस दिवसांचं तिनं लिहिलं नाही. साहेबांनी तिच्याशी बोलणं टाकलं, पण नोकरीवरून काढलं नाही. काढलं असतं तर पाणी कोण बदलणार?

महिना झाला. रविवारची सकाळ होती. झायनागुल अंगणातल्या नळाखाली घंगाळ ठेवून पोराला अंघोळ घालत होती. पहिला आठवडाभर ती नळाचं पाणीसुद्धा बादलीत ठेवून गाळ बसायची वाट बघत असे. गाळ बसत नाही हे पटायला तिला वेळ लागला. फोन वाजला तेव्हा एल्दियार दोन्ही हातांनी पाणी बडवत होता.

"पोरी, मी ताश्तेमिर ओस्मोनोविच. अगं, आमचं पाणी गेलं! पडदा काळा झालाय. उद्या माझ्याकडं राजधानीचे लोक येताहेत!"

"शिळं झालं असेल साहेब. दर महिन्याला बदलावं लागतं. शेरमामात बाइकेंनी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," ते पडेल आवाजात म्हणाले. "माझ्या लक्षातच राहिलं नाही. कसं बदलायचं?"

"फोनवर सांगते. सोपं आहे." तिनं फोन खांदा आणि कान यांच्यात धरला आणि पोराच्या डोक्यावर पाणी घातलं. "साहेब, गोदामातला दुसरा पंप अजून आहे ना? आमचा नऊ नंबरचाही आता बसलाय, तिथल्या बायका बादल्या घेऊन बसतात."

पलीकडून एक उसासा. "कागद पाठवून दे. उद्या सकाळी आठच्या आत माझे मासे दिसले पाहिजेत."

"दिसतील."

एल्दियारनं पुन्हा पाणी बडवलं. नळाची धार घंगाळात कोसळत होती, थेंब उडत होते, पोर खिदळत होतं.

"हा कसला आवाज येतोय तुझ्याकडं?" ताश्तेमिर ओस्मोनोविचांनी हेव्यानं विचारलं. "तुझ्या कॉम्प्युटरात पाण्याचा आवाज किती खरा येतो! माझ्यात असा कधीच आला नाही."

"आमच्याकडं नवीन बसवलंय, साहेब," झायनागुल म्हणाली आणि नळ आणखी थोडा सोडला.